बुंध्याजवळचा भुसा

२० जून १९८३

डॉक्टरांकडे जाऊन आलो. दादरपासून वाशीपर्यंत बसमध्ये हे चष्मा काढत, पुसत, पुन्हा लावत होते. उजवा डोळा गेलाच, डावा धुरकट. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, आहे ते धरून ठेवायचं, असं डॉ. म्हणाले. इतके दिवस आम्ही चष्म्याचे नंबर बदलत बसलो. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात असं हे म्हणायचे आणि मी म्हणायची, बल्ब बदला. आता सगळं आठवतंय.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता थेट मागच्या अंगणात. आंब्याच्या बुंध्यावर हात ठेवून उभे. म्हणाले, "यंदा मोहोर खुडायचा नाही."

गावाहून आणलेलं कलम, पाचवं वर्ष. आजवर दरवर्षी ह्यांनी स्वतःच्या हातांनी मोहोर खुडून टाकला, आधी झाड पोसू दे म्हणून. मी म्हटलं, आणि मग? तर म्हणाले, "मग काय. एकदा पूर्ण मोहरलेलं बघायचंय. दिसतंय तोवर."

२३ जून

आजपासून मी माळीणबाई. हे खुर्चीवर, मी झाडापाशी. मी बघायचं, सांगायचं, हे ओळखणार. जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढलेला माणूस, आणि आता माझ्या डोळ्यांवर भिस्त. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली. झाड म्हणजे आमच्याकडे तुळस, तीही तुपाच्या रिकाम्या डब्यात.

पहिला धडा: पान उलटं करून बघ. "कीड पानाच्या पाठीला असते, तोंडाला नाही."

जास्वंदीच्या शेंड्यांना काळंकाळं काहीतरी लगडलेलं. विचारलं, "चिकट लागतं? मुंग्या चढतायत?" दोन्ही होय. "मावा." साबणाचं पाणी करून मारलं. हात तीनदा धुतले तरी शिसारी जात नाही.

३० जून

लिंबाच्या पानावर पाखराने घाण केली होती. तसं सांगितलं. हे म्हणाले, "ती घाण हलते का बघ." काडी लावली तर हलली. शिंगंही बाहेर काढली. मी काडी टाकून थेट स्वयंपाकघरात.

लिंबावरची अळी म्हणे. लहानपणी असंच सोंग घेते, मोठी झाली की हिरवी होते. हे किती दिवसांनी हसले. मी चिडल्याचं दाखवलं, पण अळीचे उपकारच झाले.

८ जुलै

आज मोठं काम केलं असं वाटलं होतं. जास्वंदीवर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या चालीच्या बारक्या अळ्या. चपलेने सगळ्या चिरडल्या आणि रुबाबात सांगायला गेले.

"अगं, ती ठिपकेवाल्या लाल किड्याची पिल्लं. मावा खातात. आपल्या बाजूची."

"मग बिल्ला लावून फिरायला सांगा त्यांना," मी म्हटलं. पण वाईट वाटलं. विचारायला काय झालं होतं मला. माझं हे नेहमीचंच, आधी चप्पल, मग चौकशी.

१७ जुलै

परवा जास्वंदीच्या फांद्यांना पांढरा कापूस दिसला. हे म्हणाले, पिठ्या ढेकूण. ढेकूण म्हटल्यावर मला कुणी शिकवायला नको, चाळीत निम्मं आयुष्य त्यांच्याशी लढण्यात गेलं. माळ्यावरचा फवारा काढला, चाळीतून बरोबर आलेलं औषध होतंच. मारलं.

आज पानं करपली आहेत. ह्यांनी हात लावून बघितला. "कुरकुरीत झालीयेत पानं." रागावले नाहीत. जुना टूथब्रश घे, साबणाच्या पाण्यात बुडव आणि घास, एवढंच सांगितलं. बसून सगळ्या फांद्या घासल्या. फवारा भंगारवाल्याला दिला.

२९ जुलै

शेजारच्या जाधववहिनींकडे सुतार आलाय. स्वयंपाकघरात कपाटं करणार. पावसामुळे काम आमच्या दोन घरांमधल्या बोळात, वर पत्रा टाकून. करवत, रंधा, ठकठक. भुसा उडून आमच्या अंगणात.

जाधववहिनी सातारकडच्या, मनाने मोकळ्या. म्हणाल्या, "वैनी, लई कचरा व्हतोय न्हवं? कपाटं झाली की जातोय त्यो." मी म्हटलं, राहू द्या, मला झाडायची हौसच आहे. खरंच आहे. सकाळी उठल्याबरोबर पुढचं-मागचं अंगण झाडल्याशिवाय मला चहा जात नाही. सासूबाईसुद्धा या एका गोष्टीत मला नाव ठेवू शकल्या नाहीत.

आंब्याखालीही बराच भुसा साचला होता. झाडून, पाणी शिंपडून, रांगोळी घातली.

१४ ऑगस्ट

दिवसाची घडी बसली आहे. मी झाडते, मग चहा, मग ह्यांच्या डोळ्यांत थेंब, मग हे हाताने भिंत चाचपत अंगणात. रोज एकेका झाडाचा हिशेब. शेवटी आंबा.

"शेंडा?" ठीक. "पालवी?" तांबूस, छान. "पान खाल्लंय कुठे?" नाही. "बुंध्याशी काही?" काही नाही, अगदी स्वच्छ.

मास्तर तोंडी परीक्षा घेतात तसं. पण मला आवडायला लागलंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही रोज एवढं बोललो कधी? माणूस सकाळी ऑफिसला जायचा, रात्री यायचा. त्याला दिसत होतं तेव्हा त्याला माझी गरज पडली नाही, असा वाईट विचारही मनात येऊन गेला. लिहून टाकते.

१० सप्टेंबर

गणपती. दुर्वा घरच्या, जास्वंद घरची. पाहुणे फार. आंब्याची रस्त्याकडची फांदी जरा पिवळट वाटली. पावसाने असेल. ह्यांना सांगायचं राहिलं.

२६ सप्टेंबर

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, पुढच्या आठवड्यात. दृष्टी वाढणार नाही, पण आहे ती टिकेल कदाचित. "कदाचित" हा शब्द डॉक्टरांनी फार हळू उच्चारला. ह्यांनी विचारलं, "मोहोरापर्यंत?" डॉक्टरांना कळलंच नाही. मी म्हटलं, जानेवारीपर्यंत म्हणतायत. डॉ. म्हणाले, बघू.

८ ऑक्टोबर

घरी आणलं. डोळ्याला हिरवी पट्टी. वाकायचं नाही, खोकायचं नाही, धुळीत-वाऱ्यात जायचं नाही, दिवाळीपर्यंत घरातच. मला बाजूला घेऊन डॉ. म्हणाले, टेन्शन अजिबात द्यायचं नाही.

अंगणातली परीक्षा आता खोलीतच. हे पलंगावरून विचारतात, मी खिडकीतून बघून सांगते.

१५ ऑक्टोबर

खंडेनवमी. सुताराने जाधवांकडे हत्यारांची पूजा केली, करवतीला हार घातला, आम्हालाही प्रसाद दिला आणि सामान आवरून गेला. बोळ धुऊन काढला. चला, सुटलो.

१९ ऑक्टोबर

आंब्याखाली भुसा.

म्हटलं पत्र्यावर राहिला असेल, वाऱ्याने आला असेल. झाडला.

२० ऑक्टोबर

आजही. बोळात एक कण नाही. अंगणात दुसरीकडे कुठेही नाही. फक्त बुंध्याच्या कडेने, ओलसर, चावून थुंकल्यासारखा. हातात घेतला. सुताराचा भुसा असा नसतो, तो कोरडा आणि हलका असतो. हा मी कधीपासून झाडतेय?

वाकून बघितलं. ढोपराच्या उंचीवर एक भोक, करंगळी जाईल एवढं. त्यातून तोच भुसा बाहेर आलेला.

कुणाला विचारायलाही नको. पिवळी फांदी वर दिसतेच आहे, पाठीकडून उन्हात स्पष्ट. आतून कुणीतरी झाड खातंय, आणि भुसा रोज सकाळी बाहेर आणून ठेवत होतं, मी रोज सकाळी तो उचलून टाकत होते. वर रांगोळी. आणि चहा घेऊन "काही नाही, अगदी स्वच्छ".

ह्यांचं काय चुकलं? कोकणातला माणूस, त्याला वाटलं बुंध्याशी काही म्हणजे काय हे जगाला ठाऊक असतं. आणि मी तरी खोटं कुठे बोलले. ते विचारायचे तेव्हा तिथे खरंच काही नसायचं.

आतून हाक आली, "आंबा कसाय?" मी म्हटलं, बरा आहे. हे मात्र खोटं.

२२ ऑक्टोबर

सांगायचं की नाही? टेन्शन द्यायचं नाही. डोळ्यावर ताण आला तर? रात्रभर तेच. शेवटी ठरवलं, पट्टी निघेपर्यंत आपलं आपण निस्तरावं.

गोलगोल फिरवून विचारलं, "हो, तुमच्या गावाला आंब्याला भिरूड का काय लागतं म्हणायचे ना भावोजी?" हे म्हणाले, "लागतं. खोड पोखरतं. भोकात तार घालायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा, वरून चिखलाने लिंपायचं. का गं?" म्हटलं, सहज, जाधववहिनी विचारत होत्या. ह्या खोट्यासाठी आता जाधववहिनींनाही गुंतवलं.

तार घातली. कुठेतरी अडली. बोळा कोंबला, लिंपलं. रेशनचं रॉकेल, त्याचंही आता कौतुक नाही.

२७ ऑक्टोबर

दोन दिवस भुसा नव्हता, वाटलं जिंकलो. आज पुन्हा. लिंपलेलं भोक तसंच बंद आहे. मग येतोय कुठून?

इथल्या वाशीतल्याच जुहूगावची भाजीवाली कुंपणावरून बघत होती. "बाय, तुजे आंब्याला कुनाची तरी नजर लागली हाय. काली बावली बांद." मी म्हटलं, बांधते. नजरच लागली असती तर बरं झालं असतं, निदान ती दुसऱ्या कुणाची असती.

४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. रस्त्याकडच्या फांदीची पानं तपकिरी झाली. गळत नाहीत, तशीच लोंबतायत. काल पुन्हा रॉकेल ओतलं, त्याच भोकात. दुसरं सुचत नाही.

पट्टी निघाली. ह्यांना माझी साडी हिरवी आहे एवढं कळलं. खिडकीकडे तोंड करून बसले होते बराच वेळ. म्हणाले, "आंब्याचा आकार दिसतोय. एका बाजूला विरळ वाटतो. माझाच डोळा असेल." मी पणत्यांत तेल ओतायला गेले.

५ नोव्हेंबर, पाडवा

ओवाळलं. तबक खाली ठेवेपर्यंत हे उठून अंगणात. मी मागोमाग. बुंध्यापाशी थांबले, नाक वर केलं. "रॉकेल कुणी ओतलं?"

मग मी सांगितलं. झाडण्यापासून सगळं, सुतार, रांगोळी, भोक, जाधववहिनींचं खोटं. मध्ये एकदाही थांबवलं नाही त्यांनी. दोन्ही हातांनी खोड चाचपत राहिले, खालून वर. माझं लिंपलेलं भोक लागलं. त्याच्या वर आणखी एक, पलीकडच्या अंगाला. आणि दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात तिसरं, ओलं. तिथे बोट ठेवून उभे राहिले.

"ही अळी वर चढत जाते. खालचं भोक बुजवून काय उपयोग?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"मला माहीत होतं." मग थोड्या वेळाने, "सांगायचं होतंस."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उलट बोलले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. जेवायला बासुंदी होती. दोघांनीही नुसती ढवळली.

६ नोव्हेंबर

स्टुलावर मला चढवलं, तार माझ्या हातात, माझ्या हातावर त्यांचा हात. डोळे मिटून तार फिरवत होते. मऊ काहीतरी टोचलं गेलेलं मलाही कळलं. ओढली. पांढरीफटक, जाड, बोटाएवढी अळी, तपकिरी डोकं. ह्यांनी ती तळहातावर घेतली. मला ओकारी आली पण उभी राहिले.

"एवढीशी," म्हणाले.

दु. शेजारचे जाधव करवत घेऊन आले. रस्त्याकडची फांदी आणि मधली फांदी, दोन्ही उतरवल्या. आतून पोकळ, बासरीसारख्या. राहिली ती एक, भिंतीकडची. कापलेल्या जागी शेणमाती लावली. जाधववहिनी म्हणत होत्या, "आमच्या सुतारापायी झालं म्हना की." मी म्हटलं, सुताराचा काय दोष.

१५ नोव्हेंबर

माझी परीक्षा बंद झाली. आज सकाळी चहानंतर हे कुंपणापाशी गेले आणि हाक मारली, "वहिनी, जरा बघता का, भिंतीकडच्या फांदीला पालवी आहे का?" जाधववहिनी ओट्यावरून ओरडल्या, "हाय हाय, लई हाय!"

मी तिथेच उभी होते. कपडे वाळत घालत. हाताच्या अंतरावर.

संध्याकाळी विचारलं, मला का नाही विचारलंत? म्हणाले, "तुला आणखी किती कामं सांगायची." चांगुलपणानेच म्हणाले असतील. पण अविश्वास वाटतो म्हणाले असते तर एकवेळ चाललं असतं.

२८ नोव्हेंबर

भावोजी गावाहून आले, डोळे कसे आहेत बघायला. ह्यांनी त्यांची टोपी ओळखली, काळी आहे म्हणाले. अजून रंग कळतात, आकार कळतात, उन्हात तर बरंच.

भावोजी सरळ मनाचा माणूस. जेवता जेवता म्हणाले, "दादा, तुझ्या कलमाबरोबरची तिकडची कलमं यंदा लवकर मोहरली हां. दोन तर अशी फुललीत, पान दिसत नाही." मी वाढत होते. हे म्हणाले, "वा." आणि आमटी मागितली.

म्हणजे हेही झाड आत्ताच मोहरलं असतं. आत्ता, टोपीचा रंग कळतोय तेव्हा. त्या दोन फांद्या, रस्त्याकडची आणि मधली, ऊन त्यांच्यावरच पडायचं. भिंतीकडची सावलीतली, ती मागेच असते नेहमी.

भावोजी म्हणाले, "वहिनी, एवढं काय मनाला लावून घेता, झाडच ते." मी हो म्हटलं. त्यांना काय सांगू.

११ डिसेंबर

डाव्या डोळ्याचं काही खरं नाही. आज ताटातला पांढरा भात पांढऱ्या ताटात दिसला नाही, हाताने शोधत होते. मी ताट बदललं. डॉ. म्हणतात दाब पुन्हा वाढला.

मी रोज सकाळी उठते, झाडू घेते आणि आंब्यापर्यंत जाऊन परत येते. त्याच्याखाली झाडवत नाही. पानं पडलीयेत ती पडू देत. आधी वाकून बघते, मग उभी राहून बघते. भुसा नाही. कुणी विचारत नाही, म्हणून कुणाला सांगत नाही.

१ जानेवारी १९८४

उजेड आणि अंधार. एवढंच उरलं. काल संध्याकाळी माझ्यासमोर हात धरून विचारलं, "किती बोटं आहेत माझी?" स्वतःचीच बोटं. थट्टा केली त्यांनी. मला हसता आलं नाही.

ऑगस्टमध्येच भुशाचं सांगितलं असतं तर. गेल्या वर्षी मोहोर खुडला नसता तर. दिव्याभोवती कडी दिसतात म्हणाले तेव्हाच मी डॉक्टरकडे नेलं असतं तर. या "तर"ची माळ ओढत बसते दुपारभर. भाजी करपते.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवला. वाकून नमस्कार केला तर डोक्यावर हात ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला. तसाच राहू दिला त्यांनी. म्हणाले, "तू हल्ली बोलत नाहीस." मी म्हटलं, तुम्ही विचारत नाही. पण हात बराच वेळ होता.

२ फेब्रुवारी

सकाळी अंगणातून हाक. "वास येतोय." मी गेले. हे आंब्याखाली, तोंड वर करून उभे. भिंतीकडच्या फांदीला, अगदी टोकाला, मोहोर. माझ्या आधी त्यांना कळला.

"कसा आहे?"

मला नीट सांगताच येईना. पिवळट म्हटलं, मग तांबूस म्हटलं, मग देठ लाल आहेत म्हटलं. सगळीकडे नाही, टोकांनाच आहे, हेही सांगितलं. पूर्ण मोहरलेलं झाड हवं होतं त्यांना. एक फांदी, तीही अर्धी, आणि तीही माझ्या तोंडून. मी म्हटलं, "मला माफ करा." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हा शब्द.

हे म्हणाले, "बेचक्यातलं ते भोक मलाही ऑगस्टमध्ये हाताला लागलं असतं. खोडावरून हात फिरवायला मला कुणी अडवलं होतं? मी खुर्चीवर बसून राहिलो. तू सांगत होतीस ते ऐकायला बरं वाटायचं."

मी आत येऊन रडले. नळ सोडून.

९ फेब्रुवारी

मोहोर टिकून आहे. दोनदा ढगाळ हवा झाली, जीव टांगणीला. जाधववहिनी रोज कुंपणावरून न विचारता बातमी देतात, "झ्याक हाय!" हे हसतात.

२२ फेब्रुवारी

आज जेवण झाल्यावर हे अंगणात होते. मी भांडी आवरत होते. हाक आली, "ऐकलंस का? जरा इकडे ये."

"मोहोर गळतोय. पायांना लागतोय. वर काही धरलंय का, बघतेस?"

मला एकदम काय झालं कुणास ठाऊक, तोंडून गेलं, "जाधववहिनींना बोलावू?"

"त्यांना सगळंच लई हाय असतं." मग म्हणाले, "तू बघ. नसेल तर नाही म्हण."

स्टूल आणलं. ह्यांनी दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं. मी चढले. बरेचसे तुरे वाळून काड्या झालेले, हात लावला की झडतात. एक तुरा, दुसरा, काही नाही. भिंतीला टेकलेल्या तुऱ्यावर मोहरीएवढं हिरवं काहीतरी. आणि त्याच्या शेजारी आणखी. कैरी धरते ती अशीच दिसते का, की ही कसली अळी, कसली गाठ? मला काय ठाऊक, मी कधी बघितलंय. उन्हाने डोळ्यांत पाणी, त्यात माझा चष्मा आत राहिलेला.

खालून म्हणाले, "काय?"

जिभेवर आलंच होतं, हो म्हणून टाकावं. नाहीतर नाही म्हणून टाकावं. मी तुरा हळूच उलटा केला, पाठीकडून बघायला.

"थांबा," मी म्हटलं. "अजून बघतेय."

"बघ," म्हणाले. "धरलंय मी."